दहा महिन्यांच्या वापरानंतर मोका पॉट: एका कपाचे भांडे आणि त्याची रिंग

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी माझ्या मोका पॉटमधून, म्हणजे शेगडीवर ठेवायच्या दोन मजली कॉफीच्या भांड्यातून, कॉफी वर चढेना. खालच्या भांड्यातले पाणी उकळत होते, दोन्ही भांडी जिथे एकमेकांत फिरवून बसवतात त्या सांध्यातून वाफ फुसफुसत होती आणि तपकिरी थेंब बर्नरवर पडून चुरचुरत होते. गॅस बंद केला आणि भांडे पूर्ण गार झाल्यावर उघडले, तेव्हा आतली पांढरी रबरी रिंग नखही रुतणार नाही इतकी कडक झालेली आणि एका जागी चिरलेली आढळली. भांडे ऑक्टोबरमध्ये घेतले होते, म्हणजे रिंग आठ महिने टिकली. भांड्याबद्दल चांगले सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी सांगणारच आहे. परंतु हे लिहायला बसले ती या रिंगेमुळे.

आमच्या घरी बाकी सगळे चहा पिणारे आहेत. कॉफी माझ्या एकटीची, सकाळी एकदा आणि दुपारी चारच्या सुमारास एकदा, त्यामुळे एका वेळी एकच कप होईल असे साधन मला हवे होते. आधी चार वर्षे कॅप्सूलचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या छोट्या डबीत बंद केलेल्या कॉफीचे, यंत्र होते. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर सुरू होतात, आणि खडकवासला धरणाच्या मऊ पाण्यात जे क्षार जाणवत नाहीत ते टँकरमधल्या बोअरच्या पाण्याने यंत्राच्या आत साचत गेले. अखेर पंप बंद पडला आणि दुरुस्तीचा आकडा नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक निघाला. तेव्हा प्रथमच मी कागद-पेन घेऊन हिशोब केला. मला 45 रुपयांना पडणाऱ्या कॅप्सूलमध्ये सुमारे 5 ग्रॅम कॉफी असते, म्हणजे ती कॉफी मी 9,000 रुपये किलोने पीत होते. मोका पॉटमध्ये मी 15 ग्रॅम पावडर घालते. 250 ग्रॅमचे पाकीट 450 रुपयांचे, म्हणजे कप 27 रुपयांना आणि किलो 1,800 रुपयांना. शिवाय ॲल्युमिनियममध्ये बंद असलेला ओला चोथा ओल्या कचऱ्यात टाकावा की सुक्या, हा रोजचा प्रश्नही संपला.

इतर साधनांचा विचार केला होता. फ्रेंच प्रेसमधला शेवटचा गाळ मला सोसत नाही. कागदाच्या गाळणीतून हाताने ओतून केलेली कॉफी फार स्वच्छ लागते, यात शंका नाही. 1908 मध्ये जर्मनीतल्या मेलिटा बेंट्झ यांनी मुलाच्या वहीतला टिपकागद वापरून ही युक्ती शोधली, तिचे मला आजही कौतुक वाटते. परंतु तीन-चार मिनिटे हातात किटली धरून उभे राहणे सकाळच्या डब्यांच्या घाईत जमत नाही. एरोप्रेस, म्हणजे दट्ट्याने दाबून कॉफी काढायचे नळकांडे, बहिणीकडे वापरून पाहिला आणि आवडला. मात्र त्याच्या दट्ट्यालाही रबरी टोपी असते आणि कागद विकत आणावे लागतात, म्हणून घेतला नाही. मोका पॉटला कागद लागत नाही आणि वीजही लागत नाही, एवढेच पाहून मी तो निवडला. त्याच्या रिंगेकडे माझे लक्षच गेले नाही.

मोका पॉटचे मापही आधी समजून घ्यायला हवे. इटलीत 1933 पासून बियालेत्ती यांच्या कारखान्यातून निघालेल्या या अष्टकोनी भांड्याचा ‘कप’ म्हणजे एस्प्रेसोचा छोटा कप, सुमारे 50 मिलिलिटरचा. त्यामुळे ‘तीन कपांचे’ भांडे आपल्याकडच्या एका मगाला पुरते: त्यातून सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास दाट कॉफी निघते आणि तेवढेच गरम दूध घातले की एक मग भरतो. मोठे भांडे घेऊन त्यात अर्धीच पावडर घालावी, असे करता येत नाही. गाळणी काठोकाठ भरलेली नसली तर पाणी मोकळ्या जागेतून वाट काढते आणि कॉफी पांचट उतरते. एकट्या माणसाने सहा कपांचे भांडे घेऊ नये.

पहिले दोन महिने मी या भांड्यावर नाराज होते. कॉफी कडू होत असे आणि तिला जळका वास येई. नोव्हेंबरअखेरीस मी ते विकायला काढणार होते. चूक माझ्या पद्धतीत होती, हे मला नंतर कळले. खालच्या भांड्यात गार पाणी भरून आच मोठी ठेवली की पाणी तापेपर्यंत मधली पावडर कोरडीच भाजत राहते. आता मी पाणी वेगळे उकळून घेते, ते झडपेच्या खालपर्यंत भरते, पावडर न दाबता सपाट करते, फडक्याने धरून भांडे आवळते आणि आच अगदी मंद ठेवते. बंद जागेतली हवा आणि वाफ प्रसरण पावून पाण्याला नळीतून वर ढकलतात. पाणी संपत आले की वाफच वर येऊ लागते आणि भांडे गुरगुरते. या गुरगुरण्याच्या आधी, धार फिकट पिवळी होताच, गॅस बंद करून तळ नळाखाली धरला की कडवटपणा जवळजवळ नाहीसा होतो. हे जमल्यानंतर माझे मत पूर्ण बदलले. एस्प्रेसो यंत्रातला 9 बारचा दाब या भांड्यात नसतो, त्यामुळे वर जाड फेस येत नाही. पण चिकमगळूरच्या अरेबिका जातीच्या कॉफीची गोडसर, किंचित आंबट चव यात मला जितकी स्पष्ट कळली तितकी कॅप्सूलमध्ये कधीच कळली नव्हती. येमेनमधल्या ज्या मोखा बंदरावरून या भांड्याचे नाव पडले, त्याच बंदरातून सूफी संत बाबा बुडन यांनी सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या अशी परंपरा आहे, आणि रोज सकाळी झाकण उघडताना मला ही गोष्ट आठवते.

आपल्या गॅसच्या शेगडीवर हे छोटे भांडे नीट बसत नाही, कलंडते. पापड भाजायची जाळी खाली ठेवली की काम भागते. ॲल्युमिनियमचे असल्याने ते इंडक्शनवर चालत नाही. तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर त्याला लावू नये. एकदा ते इतर भांड्यांबरोबर घासायला गेले आणि काळपट होऊन परत आले, तेव्हापासून मी ते स्वतः साध्या पाण्याने विसळून कोरडे करते. रास्ता पेठेतून आणलेली चिकोरीमिश्रित (चिकोरीच्या भाजलेल्या मुळांची पूड मिसळलेली) पावडर मी एकदा यात घातली होती. ती ओली होताच लगद्यासारखी बसली, पाणी वर जाईना आणि झडपेतून वाफ सुटली. चिकोरीची पावडर यात घालू नये.

आता रिंगेविषयी. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला, तेव्हा रिंग ही झिजणारी वस्तू असल्याने ती हमीत बसत नाही, असे मला सांगण्यात आले. हे मला मान्य होते. मान्य नव्हते ते पुढचे: रिंग सुटी मिळत नाही, तीन रिंगा आणि जाळीचा संच 740 रुपयांना घ्यावा लागेल आणि तो सध्या उपलब्ध नाही. दोन आठवड्यांत मी चार फोन आणि दोन ईमेल केले. ज्या वस्तूचा एक भाग झिजणारच हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, त्या वस्तूबरोबर तो भाग विकायला ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे मी त्यांना लिहिले आणि आजही तेच म्हणते.

जुनी रिंग घेऊन मी बोहरी आळीत गेले. कुकरच्या रिंगा विकणाऱ्या दुकानदारांनी ती बोटात फिरवून पाहिली. “ताई, हे माप कुकरचं नाही. एवढं लहान कुणी मागतच नाही,” असे एकाने सांगितले, दुसऱ्याने दिलेली रिंग दोन मिलिमीटरने मोठी निघाली.

रिंगेशिवाय गेलेल्या तीन आठवड्यांत मी कपाटातला स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर बाहेर काढला. कॉफी उतरायला वीस मिनिटे लागतात म्हणून तो मी कधीच वापरला नव्हता. रात्री झोपण्यापूर्वी पावडर भरून, चकतीने हलकेच दाबून उकळते पाणी ओतून ठेवले, तर सकाळी अर्क तयार असतो. मग दूध तापवण्यापुरताच वेळ लागतो. मोका पॉटमध्ये घालायला म्हणून आणलेली आणि पडून राहिलेली चिकोरीची पावडर इथे उत्तम लागली. त्या फिल्टरला रिंग नाही, झडप नाही, फिरवायचा आटा नाही. एक भांडे दुसऱ्यावर नुसते बसते. दुधाची कॉफी पिणाऱ्या आणि एकच साधन घेऊ इच्छिणाऱ्या माणसाला मी आता हाच फिल्टर घ्यायला सांगेन, आणि ऑक्टोबरमध्ये मी असे मुळीच म्हटले नसते.

तरीही दुपारची काळी कॉफी मला मोका पॉटचीच हवी होती. अखेर भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने जुनी रिंग नमुन्यासाठी नेली आणि यंत्रांची गॅस्केट (सांधे घट्ट बंद करणाऱ्या चकत्या) कापून देणाऱ्या एका कारागिराकडून खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या सिलिकॉनच्या रिंगा कापून आणल्या. दहा रिंगांचे 400 रुपये झाले, म्हणजे एक रिंग 40 रुपयांना. पहिली रिंग बसवली त्या दुपारी सांधा कोरडा राहिला आणि चार मिनिटांत कॉफी वर आली, तेव्हा मला झालेला आनंद फार मोठा होता.

जुनी रिंग इतक्या लवकर का कडक झाली, याचेही उत्तर मला मिळाले आहे असे वाटते. ते पहिले दोन महिने मी भांडे मोठ्या आचेवर, गुरगुरून कोरडे होईपर्यंत ठेवत होते. आता रविवारी रिंग काढून धुते, लिंबूसत्त्वाच्या सौम्य पाण्याने खालच्या भांड्यातला क्षारांचा पांढरा थर काढते आणि रिंग परत बसवण्यापूर्वी ती बोटांनी वाकवून पाहते. नवी रिंग बसवून आठ आठवडे झाले आहेत आणि ती अजून मऊ आहे. उरलेल्या नऊ रिंगांपैकी दोन बहिणीच्या शेजारणीला दिल्या आहेत, कारण तिचेही भांडे याच मापाचे आहे आणि तिची रिंगही बाजारात मिळत नव्हती.