लाइट गेली-आली की खाणं पडायचं

सासवडच्या अलीकडे माझं कुत्र्यांचं छोटं बोर्डिंग आहे. केनेल आठ, त्यांतले दोन आमच्या घरच्या कुत्र्यांचे. घर हडपसरला. सकाळ-संध्याकाळ दिवेघाट चढून जायचं, खाणं घालायचं, साफसफाई करून परत यायचं, असं सहा वर्षं चाललंय. दिवसा कामाला एक काका असतात. अडचण येते ती ज्येष्ठ वद्यात. माउलींची पालखी पुण्याहून निघून सासवडला दोन मुक्काम करते, त्या काळात घाट वाहनांना बंद होतो आणि काकाही दिंडीच्या सेवेत असतात. त्या दोन दिवसांसाठी मला आपोआप खाणं घालणारं यंत्र हवं होतं. त्यात मी 38,000 रुपयांना फसलो आणि माझी कुत्री बानू मरता मरता वाचली. ज्यांच्याकडे कुत्री आहेत त्यांनी कृपया हे शेवटपर्यंत वाचा.

दुकानात मिळणारी प्लॅस्टिकची फीडर घरातल्या एका लहान कुत्र्यासाठी ठीक असतात. केनेलमध्ये ती टिकत नाहीत. मोठं कुत्रं पंजा मारून दोन दिवसांत झाकण उचकटतं. नुसतं वजनाने खाली सरकणारं खाणं, म्हणजे मोटर नसलेलं फीडर, मला नकोच होतं. त्यात कुत्रं हवं तेवढं खातं, आणि आमची बानू कारवानी जातीची, खोल छातीची आहे. खोल छातीच्या कुत्र्यांनी एका वेळी भरमसाट खाल्लं तर पोट फुगतं, कधी कधी जठराला पीळ बसतो आणि काही तासांत कुत्रं जातं. हे मला आधीपासून माहीत होतं. म्हणून तर मी मोजून खाणं टाकणारं यंत्र शोधत होतो.

मोबाइलवर जाहिरात दिसली: खास केनेलसाठी, स्टेनलेस 304 (चांगल्या प्रतीचं स्टील), दहा किलोची टाकी, मळसूत्री दांड्याने खाणं पुढे ढकलणारी मोटर, बारा तासांचा बॅटरी बॅकअप. एकाची किंमत 9,500. विकणारा माणूस फोनवर इतका अदबीने बोलला की मला तो कारागीरच वाटला. 'दादा, मी स्वतः दोन जर्मन शेफर्ड पाळतो,' म्हणाला. व्हिडिओ कॉलवर त्याने पत्र्याला चुंबक लावून दाखवलं. ते चिकटलं नाही. 'बघा, अस्सल 304.' मग प्लग काढला, स्क्रीन चालूच राहिली. 'बघा, बॅटरी.' मी चार यंत्रांची ऑर्डर दिली. निम्मे पैसे आधी आणि निम्मे माल निघण्यापूर्वी. ट्रान्सपोर्टचे 1,400 मी इथे भरले.

हे दोन्ही 'बघा' खोटे होते.

चुंबकाचं आधी सांगतो. 304 ला चुंबक चिकटत नाही हे बरोबर आहे. पण 202 नावाचं स्वस्त स्टेनलेस असतं, त्यालाही चिकटत नाही. म्हणजे चुंबकाने फार तर साधं लोखंड ओळखता येतं, या दोघांतला फरक कळत नाही. 202 मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं. रोजच्या धुण्याने आणि कुत्र्यांच्या मुताने त्यावर लवकर तांबूस डाग येतात. माझ्या यंत्रांवर तिसऱ्या आठवड्यातच आले. मोठ्या भंगारवाल्याकडे तपासणीचं द्रावण असतं, त्याचा एक थेंब टाकला की फरक दिसतो. माझ्या ओळखीच्या भंगारवाल्याने मिनिटभरात सांगितलं. पैसे देण्याआधी मी त्याच्याकडे तुकडा मागवून घेऊन गेलो असतो तर बरं झालं असतं.

पत्रा गंजला तरी कुत्रं मरत नाही. खरा धोका बॅटरीत होता.

नवीन यंत्र आलं तेव्हा मीही तपासलं होतं. प्लग काढला, दोन मिनिटं थांबलो, स्क्रीन चालू. समाधान झालं. रोज दोन वेळा, प्रत्येक वेळी 220 ग्रॅम, काट्यावर मोजलं तरी बरोबर पडायचं. एक दिवस सकाळी दोन भांड्यांत जास्तीचे दाणे दिसले. काकांनी घातले असतील असं मी गृहीत धरलं आणि त्यांना विचारलंही नाही. ती खूण मी ओळखायला हवी होती.

पालखी सासवडला होती त्या रात्री पाऊस झाला. आमच्याकडे थोडा वारा सुटला की लाइट जाते, येते, पुन्हा जाते. पहाटे पाचला शेजारच्या मळ्यातल्या राखणदाराचा फोन आला. 'दादा, तुमची कुत्री कशीतरी करतीया. ओकारी काढतीया पण काय पडंना.' दिवेघाट बंद होता, म्हणून मी बोपदेव घाटातून गेलो. बानू उभी होती, मान खाली, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. पोट हलगीसारखं ताणलेलं. बोटाने टिचकी मारली तर पोकळ आवाज. ती माझ्याकडे बघत होती आणि मला तिला हात लावायचीही लाज वाटत होती.

ओकारीचा प्रयत्न होतोय पण काही बाहेर येत नाही, पोट टणक, कुत्रं एका जागी ठरत नाही, ही लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका. ओवा, सोडा, काही देऊ नका. थेट दवाखाना गाठा, निघतानाच फोन करून सांगा. पुण्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. जठराला पीळ बसला नव्हता. तोंडातून नळी घालून गॅस काढला, सलाइन लावलं, दिवसभर ठेवून घेतलं. 'पीळ बसला असता तर लगेच पोट उघडावं लागलं असतं, आणि तरी सांगता आलं नसतं,' असं ते म्हणाले. बोर्डिंगला आलेल्या एका लॅब्रेडॉरनेही तसंच खाल्लं होतं, पण त्याने सगळं ओकून टाकलं. त्याच्या मालकांना मी त्याच दिवशी फोन करून सगळं सांगितलं. ते न सांगणं मला जमलं नसतं.

परत येऊन बानूच्या यंत्रातलं उरलेलं खाणं मोजलं. संध्याकाळी आठ किलो भरलं होतं, उरलं होतं सहा. दोन किलो म्हणजे 220 ग्रॅमच्या नऊ खेपा. पडायला हवी होती एक. राखणदाराला विचारलं, रात्री लाइट किती वेळा गेली? 'सात-आठ येळा तरी.'

इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्या मित्राने यंत्र उघडलं तेव्हा उलगडा झाला. यंत्रात घड्याळाची चिपच नव्हती. चांगल्या यंत्रात वेळ लक्षात ठेवणारी, नाण्याएवढ्या बटणसेलवर चालणारी वेगळी चिप असते. लाइट गेली तरी तिला किती वाजले ते कळत राहतं. इथे बोर्ड नुसता चालू झाल्यापासून तास मोजायचा, आणि चालू होताक्षणी पहिली खेप टाकायचा. म्हणजे लाइट आली की त्याचा दिवस नव्याने सुरू, आणि कुत्र्यापुढे पुन्हा 220 ग्रॅम.

आणि बारा तासांची बॅटरी? काळ्या सीलबंद डब्यात दोन सेल होते, लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत मिळतात तसे दंडगोल. त्यावर छापलेलं 9,900 एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप). मित्र म्हणाला, या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्येही साधारण 3,500 च्या वर बसत नाही. 9,900 छापलंय म्हणजेच खोटं. मोजलं तर यंत्र सात मिनिटं तग धरत होतं. माझी दोन मिनिटांची तपासणी म्हणूनच पास झाली. त्या रात्री पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा सेल संपले, पुन्हा भरायला वेळच मिळाला नाही, आणि पुढच्या प्रत्येक झटक्याला यंत्र नव्याने जन्माला आलं.

विकणाऱ्याला फोन केला. तो आधी म्हणाला तुमच्या खाण्याचे दाणे मोठे आहेत, मग म्हणाला बोर्ड पाठवा, तपासणी फी 1,500, मग नंबर बंद. बिल म्हणून त्याने कोटेशनच पाठवलं होतं, त्यावर जीएसटी क्रमांक होता. तो मी आधी बघितलाच नव्हता. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. हा पुण्याचा पत्ता सांगणारा माणूस, आणि क्रमांक सुरू होत होता 09 ने, म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या सरकारी साइटवर टाकला तर नाव भलतंच आणि नोंदणी रद्द झालेली. याला दोन मिनिटं लागतात आणि पैसे पडत नाहीत.

पुढचंही सांगतो, कारण तिथे बरेच जण दुसऱ्यांदा फसतात. मी संतापून फेसबुकवर सगळं लिहिलं, मोबाइल नंबरसकट. दुसऱ्याच दिवशी 'रिफंड विभागातून' फोन आला, क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणाला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. मी फोन ठेवला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवलं. खात्यातून पैसे गेले असतील तर पहिल्या तासात याच नंबरवर फोन करा.

मालाची तक्रार मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली, आणि तिथून काही हललं नाही तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात दावा केला. 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो तिथल्या जिल्ह्यातच दावा करता येतो, विकणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. मेसेज, पेमेंटच्या पावत्या, डॉक्टरांचं बिल, एक्स-रे, आणि यंत्र उघडतानाचा सलग व्हिडिओ, हे सगळं जोडलंय. चारही यंत्रं तशीच ठेवली आहेत. निकाल अजून लागायचा आहे.

आता सासवडच्या एका फॅब्रिकेटरकडून दोन यंत्रं बनवून घेतली आहेत. गाडीच्या वायपरची मोटर, घड्याळाची वेगळी चिप, यूपीएसमध्ये असते तशी 12 व्होल्टची बॅटरी. एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली: टाकीत एका वेळी दोनच जेवणांचं खाणं मावतं. बोर्ड बिघडला तरी त्याच्याकडे पाडायला आणखी काही नसतं. पैसे दिले ते आठ दिवस माझ्या केनेलमध्ये, माझ्या खाण्यावर चालल्यावर.

तुमच्याकडे कुठल्याही कंपनीचं असं यंत्र असेल तर आज रात्रीच्या आत एवढं करा. भांडं रिकामं करा, प्लग काढा, अर्धा तास थांबा, पुन्हा लावा. मग लगेच आणखी दोनदा काढून लावा. भांड्यात वेळ नसताना खाणं पडलं तर प्लग काढून ठेवा आणि कुत्र्याला हाताने घाला.