कोथरूड-बाणेरचे योगा आणि पिलाटेस क्लास: पैसे कुठे भरावेत

कंबरदुखीसाठी क्लास शोधताय आणि पुण्यात राहताय तर हे जरूर वाचा. आता दर दोन गल्ल्या सोडून एक स्टुडिओ आहे आणि इन्स्टावर सगळे सारखेच दिसतात, पांढऱ्या भिंती, लाकडी फ्लोअरिंग, कोपऱ्यात एक कुंडी. मी पिलाटेस (पोट आणि पाठ मजबूत करणारा व्यायाम) दोन्ही तऱ्हेचा, मशीनवरचा रिफॉर्मर आणि चटईवरचा मॅट, शिवाय अय्यंगार पद्धतीचा योगा, असं तिन्ही पैसे भरून केलंय आणि माझं मत आता पक्कं झालंय. शिकवणाऱ्याची नजर कशी आहे ते बघा. तुमचा गुडघा आत वळतोय, खांदा कानापाशी चढलाय, श्वास रोखून धरलाय हे त्यांना लांबून दिसतं का? दिसत असेल तर क्लास चांगला, बाकी एसी, आरसे, लेमन वॉटर हे सगळं नंतर.

आधी बाणेर साइडचा रिफॉर्मर स्टुडिओ, नाव लिहीत नाही. मशीन मात्र खरंच भारी प्रकार आहे. बेडसारखी लांब फ्रेम, त्यावर सरकणारी गादी म्हणजे कॅरेज, खाली स्प्रिंगा, पायाशी फूटबार आणि हातापायांना पट्टे. जोसेफ पिलाटेस हा मूळचा जर्मन माणूस, पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला कैदेत ठेवलं होतं आणि तिथे त्याने आजारी लोकांच्या खाटांना स्प्रिंगा लावून व्यायाम करून घेतला असं सांगतात, पुढे १९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथे बॅले डान्सर त्याच्याकडे यायला लागले. खाटेची ती आयडिया मशीनवर झोपलं की लगेच पटते, कारण पाठ पूर्ण टेकलेली असते आणि तरी पाय काम करत असतात, ज्यांना उभं राहून स्क्वॉट जमत नाहीत त्यांना फूटवर्क, म्हणजे झोपून पायांनी फूटबार ढकलणं, जमतं. आणि एक गंमत म्हणजे स्प्रिंग कमी केली की सोपं होईल असं वाटतं पण प्लँकसारख्या प्रकारात उलटं होतं, गादी पळायला लागते आणि ती धरून ठेवायला पोट जास्त लावावं लागतं.

म्हणूनच त्या स्टुडिओचा जास्त राग येतो. इतकं चांगलं मशीन, आणि दहा-बारा जणींना एकच ट्रेनर, म्युझिक एवढं मोठं की "स्प्रिंग बदला" हेसुद्धा अर्धवट ऐकू यायचं. पेमेंट होईपर्यंत कुणी विचारलं नाही की पाठीचं काही दुखणं आहे का, पूर्वी काही ऑपरेशन झालंय का. फॉर्म नंतर दिला आणि तो भरून दिल्यावर कुणी वाचला असं वाटलं नाही, कारण त्यात कंबरेचं लिहूनसुद्धा मला बाकीच्यांसारखंच सगळं दिलं. एका क्लासचे हजाराच्या आसपास पडतात, पॅकेजला मुदत, उरलेले सेशन वाया, ग्रिपवाले मोजे त्यांच्याकडूनच घ्यायचे, आणि न विचारता रीलसाठी व्हिडिओ काढतात ते वेगळंच. वीस-पंचविशीतल्या फिट मुलींना मजा येईल, नक्की येईल, पण दुखणं घेऊन जाणाऱ्यांनी इथे जाऊ नये असं मी स्पष्ट सांगते.

याच्या अगदी उलट कोथरूडमधला एक घरगुती मॅट पिलाटेस क्लास. बंगल्याचा वरचा हॉल, पाच-सहा जणी, शिकवणाऱ्या ताई स्वतः फिजिओथेरपिस्ट आहेत. आमच्यातल्या एका काकूंना ऑस्टिओपोरोसिस आहे तर त्यांना रोल-अप, म्हणजे पाठ गोल करून उठायचा प्रकार, ताई देतच नाहीत, ठिसूळ मणक्यांना तो वाकवण्याचा जोर चालत नाही म्हणून, आणि त्या वेळात त्यांना दुसरं काहीतरी पालथं झोपून देतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'हंड्रेड' नावाच्या प्रकारात पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असं दहा वेळा, हात सतत वरखाली, ते करताना माझी मान दुखायची तर ताईंनी डोकं खालीच ठेवायला सांगितलं, झालं, प्रश्न संपला. उणिवा आहेत, हॉल लहान आहे, चेंजिंग रूम नाही, आठवड्यातून तीनच दिवस असतो आणि क्लास बुडला तर भरून मिळत नाही.

योगाचं म्हणाल तर पुण्यात राहून अय्यंगार योगा न करणं म्हणजे मला कमालच वाटते. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये इथे आले, व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिनना १९५२ मध्ये शिकवलं आणि जगभर नाव झालं, तरी शिकवत राहिले पुण्यातच. मॉडेल कॉलनीतली संस्था १९७५ ची, पत्नी रमामणींच्या नावाने, आणि तिथे शिकायला परदेशातून लोक येतात. मी जाते तो क्लास संस्थेचा नाही, त्याच पद्धतीने तयार झालेले एक सर घेतात. आधाराच्या विटा, पट्टे, बोल्स्टर म्हणजे लांब जाड उशा, घोंगड्या, खुर्च्या, भिंतीला दोर, सगळं आहे. त्रिकोणासनात हात जमिनीला टेकवायची सक्ती नाही, वीट घ्या, पण मागच्या पायाची बाहेरची कड उचलली की सर तिकडून ओरडतात. हो, ओरडतात, हळव्या लोकांनी तयारीने जा. पाळीत उलटी आसनं अजिबात नाहीत, बीपीवाल्यांना शीर्षासन नाही, प्राणायामासाठी घाई नाही, आधी शरीर तयार होऊ दे म्हणतात. घाम गाळायचाय, पटापट सूर्यनमस्कार घालायचेत त्यांना हे फार संथ वाटेल. माझी कंबर मात्र दोरावरच्या अधोमुख श्वानासनाने मोकळी झाली आणि महिन्याची फी त्या रिफॉर्मरच्या दोन-तीन क्लासांएवढी आहे.

कुठेही जा पण ट्रायल क्लास घ्या आणि शिकवणारे कुठे शिकले ते सरळ विचारा, लाजू नका. दोनशे तासांचा कोर्स करून महिन्याभरात टीचर होता येतं, अय्यंगार पद्धतीत मात्र आधी काही वर्षं स्वतः शिकल्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत, हा फरक क्लासमध्ये दिसतो. ट्रायलला तुम्हाला एकदाही कुणी दुरुस्त केलं नाही तर पॅकेज घेऊ नका, कितीही डिस्काउंट दिला तरी.

सरांच्या सकाळच्या बॅचला सध्या वेटिंग आहे, संध्याकाळी जागा मिळते. गाडी लावायला खाली जागा नाही, रिक्षाने गेलेलं बरं, आणि चटई न्यायची गरज नाही, तिथे असते, पण आपली चादर न्या.