अनुदानापेक्षा पाय महाग : नेरूळच्या गच्चीवरील सौर संचाचा वर्षभराचा हिशेब

नेरूळमधील आमच्या एकमजली रो-हाउसच्या गच्चीवर ५४५ वॉटची सहा पॅनेल, म्हणजे ३.२७ किलोवॉटचा ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या तारांना जोडलेला) सौर संच नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस सुरू झाला. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि दुसऱ्या हिवाळ्याची सुरुवात पाहून झाल्यावरच त्याविषयी लिहायचे असे ठरवले होते. विक्रेत्याने दाखवलेला तक्ता आणि वर्षभराची बिले यांत फार मोठा फरक पडला नाही, हे आधीच नोंदवतो. फरक पडला तो त्या तक्त्यात नसलेल्या खर्चात. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या व्यवसायात सर्रास होताना मी नंतर आमच्याच गल्लीत पाहिल्या.

आधी आकडे. पॅनेल, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारे यंत्र), वायरिंग, अर्थिंग, नेट मीटरची (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरची) कागदपत्रे आणि कर धरून १,९५,००० रुपये ठरले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते, आणि तीनच्या वर कितीही किलोवॉट बसवले तरी तो आकडा वाढत नाही. अनुदान हवे असेल तर पॅनेलमधील सेलही भारतात बनलेले असावे लागतात. अशा ‘डीसीआर’ पॅनेलची किंमत इतरांपेक्षा जास्त असल्यामुळे दोन विक्रेत्यांची अंदाजपत्रके शेजारी ठेवताना ती एकाच जातीच्या पॅनेलची आहेत ना, हे आधी पाहावे. सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा आज बसवणाऱ्याला आमच्यापेक्षा थोडे कमी पडायला हवेत, निदान करापुरते तरी.

आता पायांविषयी, म्हणजे पॅनेल पेलणाऱ्या सांगाड्याविषयी. गच्चीवर कपडे वाळत घालायचे असतात, पापड-कुरडया असतात, संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे असते, त्यामुळे पॅनेल गच्चीला टेकवून बसवणे घरात कोणालाच मान्य नव्हते. आठ फूट उंच सांगाड्याचे ४२,००० रुपये वेगळे पडले. त्याबद्दल तक्रार नाही, कारण त्याची कल्पना आधी दिली होती. तक्रार आहे ती पाय रोवण्याच्या पद्धतीबद्दल. आमच्या गच्चीवर जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर आहे. कारागिरांनी तो थेट ड्रिलने भोकसून बोल्ट ठोकले आणि वर सिमेंटचा गिलावा फासून विषय संपवला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या खोलीच्या छताला बशीएवढा ओलीचा डाग उमटला आणि चार दिवसांत तो परातीएवढा झाला. कोब्याला एकदा भोक पडले की पाणी आत शिरते एका जागी आणि ठिबकते तिसऱ्याच जागी. त्यामुळे केवळ पायांभोवती मलमपट्टी करून भागले नाही, पावसाची उघडीप साधून अर्ध्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग करावे लागले. त्याचे २८,००० रुपये. पायांखाली काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांतच बोल्ट बसवले असते, तर कोब्याला हातही लावावा लागला नसता. एका पॅनेलचे वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास असते, तेव्हा स्लॅबला त्या वजनाची धास्ती नाही. खाडीवरून येणारा पावसाळी वारा पॅनेल खालून उचलू पाहतो, आणि ठोकळे जड हवेत ते त्यासाठी.

दुसरी गोष्ट गंजाची. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा होता, पण तो जागेवर कापून वेल्डिंग केले गेले. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते, वरून चंदेरी रंग मारला की दोन महिने काही दिसत नाही, आणि ऑगस्टपर्यंत प्रत्येक सांध्याखाली तांबूस ओघळ आलेले असतात. आमच्याकडे नेमके तेच झाले. सगळे सांधे नट-बोल्टचे असतील आणि जागेवर वेल्डिंग होणार नाही, हे खाडीकाठच्या माणसाने करारातच लिहून घ्यावे.

पत्र्याच्या शेडऐवजी पॅनेलचेच छप्पर होईल का, हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला आहे. होते, पण अर्धेच. दोन पॅनेलच्या मध्ये क्लॅम्पसाठी साधारण दोन सेंटिमीटरची फट राहते. आमच्याकडे तीत रबरी पट्टी ठोकून दिली होती, ती मे महिन्याच्या उन्हात आक्रसली आणि पहिल्याच सरीत निघून लोंबू लागली. नंतर फटींखाली ॲल्युमिनियमच्या पन्हळी बसवल्या, त्याचे आणखी ९,००० गेले. आता सरळ पावसात खाली कोरडे राहते, वाऱ्याच्या पावसात नाही. तरीही सावलीचा लाभ मोठा आहे. वरच्या खोलीचा स्लॅब पूर्वी रात्री दहापर्यंत तापलेला असे, तो आता दिवे लागेपर्यंत निवतो.

उंच पाय, वॉटरप्रूफिंग आणि पन्हळी मिळून ७९,००० झाले. सरकारने दिलेले ७८,००० रुपये पायांनीच खाल्ले, असे आमच्या घरात म्हटले जाते, आणि ते खरेच आहे.

विजेच्या बाबतीत मात्र समाधान आहे. डिसेंबर ते नोव्हेंबर या वर्षात ४,०९० युनिट वीज तयार झाली. एप्रिलमध्ये ती सर्वाधिक म्हणजे ४०५ युनिट होती आणि जुलैमध्ये २१४ वर आली. आधीच्या वर्षी आम्ही ५३,४०० रुपये वीजबिल भरले होते, या वर्षी ८,२०० भरले. बचत एवढी दिसते याचे कारण महावितरणच्या दरांची उतरंड. शंभर युनिटांच्या पुढे दर एकदम चढतो आणि तीनशेच्या पुढे पुन्हा चढतो. सौर वीज वरच्या, महागड्या टप्प्यांतील युनिट आधी कापते. म्हणून ज्यांचे महिन्याचे बिल शंभर युनिटांच्या आतच बसते, त्यांच्या घरी हीच पॅनेल आपली किंमत वसूल करायला कितीतरी अधिक वर्षे घेतील. आमचा निव्वळ खर्च १,९६,००० रुपये झाला, तो या गतीने साडेचार वर्षांच्या आत निघेल. पाय नीट रोवले असते, तर त्यातील जवळपास साडेसात महिने वाचले असते.

नेट मीटरिंगमधील एक खोच कोणीही आधी सांगितली नव्हती. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरे, पण ते खाते ३१ मार्चला बंद होते आणि उरलेल्या युनिटांचा मोबदला आपण वीज घेतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने मिळतो. आमचा एसी एप्रिलमध्ये सुरू होतो. म्हणजे हिवाळ्यात साठवलेले सुमारे ३०० युनिट ऐन गरजेच्या तोंडावर कवडीमोलाने गेले. वर्षाच्या एकूण वापराएवढा संच बसवला की बिल शून्य होते, हे गणित त्यामुळे तंतोतंत जुळत नाही.

वीज गेली की हा संचही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या छपरावरून विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, आणि ते योग्यच आहे. ‘‘अहो, तुमच्याकडे सोलार आहे ना, मग पंखा कसा बंद?’’ असे शेजारच्या काकूंनी भर दुपारी विचारले, तेव्हा हे सगळे समजावता समजावता वीज परत आली. बॅटरीचा खर्च मात्र आमच्यासारख्या क्वचित वीज जाणाऱ्या भागात मला पटला नाही.

कागदपत्रांत उशीर झाला तो आमच्यामुळे. वीजजोडणी अजून वडिलांच्या नावावर होती, ती माझ्या नावावर करून घेण्यात महिना गेला. त्यानंतर अनुदान थेट बँक खात्यात जमा झाले, कुठे खेटे घालावे लागले नाहीत. देखभाल म्हणाल, तर पंधरा दिवसांनी सकाळी सातच्या आत पाण्याचा पाइप आणि मऊ मॉप पुरतो. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. पॅनेलखाली कबुतरे घरटी करतात, तिथे जाळी पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने हे सगळे ऐकून आपल्या सोसायटीत विषय काढला. पंचवीसहून अधिक मजल्यांच्या इमारतीत गच्ची सगळ्यांची मिळून एक, तीही पाण्याच्या टाक्यांनी व्यापलेली, आणि एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. तिथे घराघराच्या बिलाचा विचार सोडून लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे यांच्या सामाईक मीटरपुरताच संच व्यवहार्य आहे. त्याला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे.

शेवटचा मुद्दा सावलीचा, आणि तो मला सर्वांत अधिक लागला. पाहणीसाठी आलेला मुलगा मे महिन्याच्या मध्याला, भर बारा वाजता आला होता. त्या सुमारास आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाचीही सावली जवळजवळ पडत नाही. जिन्याच्या खोलीवरील पाच फुटी टाकीची सावली त्याला दिसली नाही, यात नवल नाही. डिसेंबरमध्ये मात्र तीच सावली भर दुपारी उत्तरेकडे साडेचार फूट सरकली आणि टाकीजवळच्या पॅनेलच्या खालच्या कडेवर रोज पडू लागली. तीन वेळा फोन करून, फोटो पाठवून, जानेवारीत ते पॅनेल दुसऱ्या टोकाला हलवून घेतले. त्याचे पैसे घेतले नाहीत, एवढे श्रेय कंपनीला देतो. या डिसेंबरात बाविसाव्या तारखेला मी शेजारच्या काकूंच्या गच्चीवर जाऊन त्यांच्या टाकीची सावली दहा, बारा, दोन आणि चार वाजता खडूने आखून ठेवली आहे, फोटोही काढले आहेत. त्यांच्याकडे पाहणीला माणूस मार्चमध्ये येणार आहे.