सुटं औषध देत नाही असं कृषी सेवा केंद्र – 4 स्टार

नाव टाकत नाही, नाहीतर म्हणाल दुकानदाराची जाहिरात करतो. यवतमाळकडच्या तालुक्याच्या गावातलं साधं कृषी सेवा केंद्र आहे, एसी-बिसी काही नाही, पण फवारणीचं औषध घ्यायचं तर मी इथूनच घेतो. कारण एकच, हा माणूस सील फोडत नाही. कोणी पाण्याची रिकामी बाटली घेऊन आला, 50 मिली टाका म्हणाला, की सरळ नाही म्हणतो, मग तो गिऱ्हाईक नाराज होऊन दुसरीकडे गेला तरी चालेल. 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली हे इथल्या कोणाला सांगावं लागत नाही. सुट्या बाटलीवर ना नाव ना विष किती जहाल ते सांगणारा रंगीत त्रिकोण, दवाखान्यात डॉक्टरला दाखवणार काय? अ‍ॅट्रोपिन (काही विषांवरचा उतारा) द्यायचं की नाही हे आत काय होतं त्यावर ठरतं ना भाऊ.

दुसरं म्हणजे डब्बा हातात देताना तो त्या त्रिकोणाचा रंग दाखवतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. लाल म्हणजे उंदराला तोंडावाटे दिलं तर त्याच्या वजनाच्या किलोमागे 50 मिलिग्रॅमच्या आतच जीव घेणारं, हिरव्याला तेच 5000 च्या वर लागतं. आपल्याकडे निम्म्या लोकांना वाटतं लाल म्हणजे पावरफुल आणि हिरवं म्हणजे पाणी, पण तो रंग अळीसाठी नाहीच, फवारणाऱ्या माणसासाठी आहे. कोराजन हे अळीचं औषध बघा, हिरवा त्रिकोण, आणि अळीवर काय चालतं ते ज्यानं मारलं त्याला विचारा (भाव मात्र खिसा फाडतो).

बिल पक्कं देतो, बॅच नंबर आणि एक्स्पायरीसकट, मागावं लागत नाही.

आता तक्रार. याच्याकडचे हातमोजे एकदम फालतू, एका पंपात फाटतात, आणि मास्क म्हणून जे विकतो ते धुळीचं फडकं आहे, त्याचे पैसे घेऊच नयेत. आणि हे दुकानाचं नाही पण लिहितोच, हा रंगीत त्रिकोण ज्या चौकोनात असतो, कायद्यात त्या चौकोनाला लेबलच्या दर्शनी भागाचा निदान सोळावा हिस्सा द्यायचा असं आहे, म्हणजे मोठ्या डब्ब्यावर तो ठळक दिसतो पण 100 मिलीच्या बाटलीवर नखाएवढा होतो, आणि छोटी बाटलीच तर गरीब माणूस घेतो. आतलं पत्रक मराठीत असतं, ते खरं, पण अक्षर इतकं बारीक की आमच्या बाबांना चष्मा लावूनही लागत नाही, शेवटी पोराला मोबाईलवर फोटो काढून मोठं करून वाचावं लागतं.

एक स्टार मोज्यांचा कापला. चांगले नायट्राइल रबराचे मोजे ठेवले तर परत देईन. पोळ्यानंतर गर्दी फार असते, सकाळी 9 च्या आत जा.