चेतकचं मागच्या चाकाचं बेअरिंग: आठ महिन्यांनंतर

बाबांची १९८८ची बजाज चेतक मी गेल्या दिवाळीनंतर उघडली. नाशिकच्या गंगापूर रोडला चाळीसच्या पुढे गेलं की मागून घों-घों सुरू व्हायचं. गिअर बदलला, क्लच दाबला तरी आवाज तसाच, वेग उतरला की तोही उतरायचा. म्हणजे इंजिन नव्हे, चाकाकडचंच बेअरिंग. पण आधी मागच्या ब्रेक ड्रमचा नट तपासा, तो सैल असला तरी चाक बेअरिंग गेल्यासारखंच हलतं.

चेतकला साखळी नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच चाक बसतं, त्यामुळे हे बेअरिंग गिअर ऑइलवर चालतं. हे मी लक्षातच घेतलं नाही. माझ्या गाडीतून निघालेल्या बेअरिंगवर ६२०४ सी३ कोरलेलं होतं. ६२०४ म्हणजे आतून २०, बाहेरून ४७, रुंदी १४ मिलिमीटर. तेवढं सांगून दुकानातून आणलं, तर मिळालं दोन्ही बाजूंनी रबरी झाकणाचं, सी३ नसलेलं. "धूळ जाणार नाही," म्हणाले. मापं अगदी बरोबर. दोन महिन्यांत घों-घों परत!

उघडलं तर बाहेरच्या रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या खाचेवर, गोळ्यांच्याच अंतराने बारीक खड्डे. ती चूक माझी. केसिंगमध्ये (गिअरबॉक्सच्या धातूच्या कवचात) बसवताना मी आतल्या रिंगवर हातोडी मारली होती, प्रत्येक ठोका गोळ्यांमधून रेसवर गेला. केसिंगमध्ये बसवताना जोर बाहेरच्या रिंगवरच हवा. शिवाय रबराचं झाकण तेल आत येऊ देत नाही आणि बेअरिंग आतल्या ग्रीसवरच राहतं.

दुसऱ्यांदा अधिकृत विक्रेत्याकडून एसकेएफचं उघडं, सी३चं घेतलं. सी३ म्हणजे आतला मोकळेपणा नेहमीपेक्षा जास्त. रिंग घट्ट बसली आणि शाफ्ट तापला की तो मोकळेपणा कमी होतो, म्हणून जुन्यावर जे अक्षर असेल तेच मागा. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं, केसिंग हीट गनने पाण्याचा थेंब चुरचुरेपर्यंत तापवलं. हाताने आत उतरलं. हातोडी लागलीच नाही.

तेव्हापासून आठ महिने, साडेचार हजार किलोमीटर. श्रावणात बाबांना मागे बसवून भर पावसात त्र्यंबकला जाऊन आलो. आवाज नाही, चाक हलत नाही. एकच चुकलं, पैसे वाचवायला जुनं ऑइल सील (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) तसंच ठेवलं. महिन्याभरात तेल ब्रेक लायनरवर आलं आणि सगळं पुन्हा खोलावं लागलं. सील बेअरिंगसोबतच बदला, लायनर त्याहून महाग पडतात. परवा ड्रम काढून पाहिला, आतून कोरडा होता.