ॲल्युमिनियमच्या होडीवरचा प्लायचा डेक: एक हंगाम वापरून, उचलून, पुन्हा बसवल्यानंतर

मृगाच्या आधी होडी पाण्याबाहेर काढून पत्र्याच्या शेडमध्ये आणली, तिचे नाक विटांवर टेकवले आणि मागचे बूच काढून ठेवले, तरी तिसऱ्या दिवशीही त्या भोकातून पाणी ठिबकतच होते. सात महिन्यांपूर्वी बसवलेला डेक, म्हणजे होडीत उभे राहण्यासाठीचा सपाट तक्ता, तेव्हा मी पहिल्यांदा उचलला. प्लायच्या खालच्या अंगाला काळे डाग पडले होते आणि प्लाय होडीला जिथे जिथे टेकत होता, तिथे पांढरी, ओलसर भुकटी साचली होती. ती खरवडल्यावर पत्र्यात नखाला लागतील असे बारीक खड्डे दिसले. तोपर्यंत या डेकची मी भेटेल त्याच्याजवळ स्तुती करत होतो, म्हणून पुढचे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

होडी बारा फुटी, सपाट तळाची आणि तीन बाकांची आहे. मच्छीमार सोसायटीचा परवाना काढून मी दारणा धरणाच्या फुगवट्यात गळाने मासेमारी करतो. राहू-कटल्यासाठी बसून चालते. मरळ मात्र पाणवनस्पतींच्या कडेला उथळ पाण्यात असतो आणि त्याच्यासाठी उभे राहून लांबवर गळ टाकावा लागतो. होडीच्या उघड्या तळावर, आडव्या पट्ट्यांच्या मधल्या खाचांत पाय ठेवून, तासभर उभे राहणे अवघड असते. त्याहून मोठी अडचण आवाजाची: नुसत्या पत्र्यावर पक्कड पडली तरी तो ठोका पाण्यातून दूरवर जातो आणि मरळ जागा सोडतो. डेक हवा होता तो या दोन कारणांसाठी.

नोव्हेंबरमध्ये द्राक्षाची छाटणी आटोपल्यावर अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका वर्कशॉपमधून ॲल्युमिनियम अँगलचा (काटकोनात वळलेल्या पट्ट्यांचा) सांगाडा करून घेतला आणि त्यावर १२ मिमीचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात वापरायचा प्लाय, टाकला. कारागिराने मधला बाक कापून सलग जागा करण्याचे सुचवले होते. ते मी ऐकले नाही, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. तो बाक दोन्ही बाजूंचे पत्रे फाकू देत नाही आणि त्याच्या पोटात होडी बुडू न देणारा फोम आहे. पुढचा डेक मात्र मी हौसेने बाकाच्याही वर चार इंच घेतला. डेकचे वजन फारसे नसते, पण त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे वजन तेवढे वर जाते, आणि मासा बाजूला ओढू लागला की चार फूट रुंदीची होडी लगेच कलते. डिसेंबरमध्येच सांगाडा सोडवून तो डेक बाकाच्या पातळीवर आणला.

प्लायवर चिकटवलेल्या कार्पेटविषयी माझे मत पूर्ण बदलले आहे. हिवाळ्यात, सकाळच्या गारठ्यात, ते पायाला उबदार लागे आणि आवाज जवळजवळ नाहीसा झाला होता. एप्रिलच्या उन्हात शेजारच्या होडीतील पत्र्याच्या डेकवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता, तेव्हाही मला आपलेच बरोबर वाटले. परंतु ते कार्पेट कधी पूर्ण वाळलेच नाही. द्राक्षाच्या क्रेटचा वजनकाटा घरी असल्यामुळे बसवताना प्लायचे वजन केले होते, ते २६ किलो भरले होते. उचलल्यावर कार्पेट सोलून तोच प्लाय तोलला तर ३२ किलो भरला. सहा किलो पाणी मी हंगामभर वल्हवत होतो.

आता त्या भुकटीविषयी. ॲल्युमिनियम टिकते ते त्याच्या अंगावर आपोआप धरणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि तो थर खरचटला तर पुन्हा धरण्यासाठी हवा लागते. ओला प्लाय पत्र्याला महिनोन्‌महिने चिकटून राहिला की तिथे हवा पोहोचत नाही, थर भरून येत नाही आणि पत्रा आतून पोखरत जातो. त्यात मरीन प्लायला किडीपासून राखण्यासाठी जी औषधे मुरवतात, त्यांत अनेकदा तांब्याचे क्षार असतात. ओलीबरोबर ते ॲल्युमिनियमवर उतरले की झीज वाढते. माझ्या सांगाड्यात वर्कशॉपने जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी स्क्रू वापरले होते. ओलीत दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांच्यात बारीक वीज वाहते आणि त्यांतला एक झिजतो. मुलामा टिकतो तोवर आधी जस्त झिजते आणि ॲल्युमिनियम वाचते. तो संपून लोखंड उघडे पडले की ॲल्युमिनियमची पाळी येते. सर्वांत खोल खड्डे प्रत्येक स्क्रूच्या भोवतीच होते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हे फार झपाट्याने होते, धरणाच्या गोड्या पाण्यात सावकाश होते, एवढाच फरक आहे.

मी फोटो घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. ‘ॲल्युमिनियमला गंज चढत नाही’ या एका वाक्यापलीकडे तिथे उत्तर मिळाले नाही, आणि स्क्रू बदलून देण्यासाठी पुन्हा मजुरी मागितली गेली. स्टेनलेस स्क्रू आणि त्यांनी लावलेले लोखंडी स्क्रू यांच्या किमतीतला फरक सबंध होडीमागे काही शे रुपयांचा होता. तो मला आधी विचारला असता तर मी आनंदाने दिला असता, याचा राग अजून गेलेला नाही. त्यानंतरचे सर्व काम मी घरीच केले.

प्लाय पंधरा दिवस सावलीत वाळवला, फुगलेली एक कड कापून टाकली आणि दोन्ही अंगांना इपॉक्सीचे (पाणी अडवणाऱ्या कडक लेपाचे) तीन हात दिले. कडांना पाच दिले, कारण प्लाय पाणी पितो तो कडांनी. स्क्रूचे प्रत्येक भोक थोडे मोठे पाडून इपॉक्सीने भरले आणि वाळल्यावर त्यातच पुन्हा भोक पाडले. स्क्रू स्टेनलेसचे घेतले, प्रत्येकाखाली नायलॉनचा वायसर घातला. आंबूस वास येणारे स्वस्त सिलिकॉन वापरले नाही, कारण ते सुकताना सोडते ते आम्ल धातूला चांगले नसते. प्लाय आणि सांगाडा एकमेकांना लागू नयेत यासाठी बागेतली जुनी १६ मिमी ठिबकची नळी उभी चिरली आणि प्रत्येक अँगलच्या कडेवर चढवली. ती प्लॅस्टिकची असल्यामुळे पाणी पीत नाही, वीज वाहू देत नाही, प्लायला सांगाड्यापासून दूर धरते, आणि पावलांचा ठोकाही बराच गिळते. एवढा उपयोगी सुटा भाग मला बाजारात पैसे देऊनही मिळाला नसता. डेकच्या चारही कडांना होडीच्या पत्र्यापासून दोन सूत फट ठेवली आणि आडव्या पट्ट्यांना तळाशी खाचा पाडल्या, म्हणजे पाणी अडून न राहता बुचापर्यंत येते. कार्पेटच्या जागी आता भोकांची रबरी मॅट आहे, ती न चिकटवता नुसती अंथरतो आणि घरी आल्यावर कुंपणावर टाकतो. कार्पेटइतकी ती मऊ नाही. उन्हात तापते, तेव्हा तिच्यावर एक डबा पाणी ओततो.

ऑक्टोबरपासून होडी पुन्हा पाण्यात आहे. दर महिन्याला चार स्क्रू काढून पुढचा तक्ता उचलतो. गेल्या रविवारी पाचव्यांदा उचलला: प्लाय २७ किलो, खाली पाणी नाही, जुने खड्डे होते तेवढेच आहेत. मात्र बॅटरीच्या खणाच्या झाकणाला मी पितळी बिजागऱ्या लावल्या आहेत आणि त्यांतील दोन स्क्रूंची टोके प्लायमधून आरपार जाऊन अँगलला टेकली आहेत, हे त्याच वेळी दिसले. त्या टोकांपाशी अँगलवर पांढरा ठिपका धरू लागला आहे. बिजागऱ्या काढल्या असून तिथे जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी लावणार आहे.