समोरचा ऐकतच नसेल तर? जागेवर मिटवणं की आपल्या पॉलिसीतून क्लेम

किरकोळ धडक. कुणाला लागलेलं नाही, चूक कुणाची हे दोघांनाही दिसतंय, पण समोरचा काच खाली करायला तयार नाही आणि मागून हॉर्न सुरू झालेत. ही वेळ माझ्यावर दोनदा आली. पहिल्यांदा घोडबंदर रोडवर, दुसऱ्यांदा ठाणे-बेलापूर रोडवर. पहिल्यांदा मी जागेवर मिटवलं, दुसऱ्यांदा सरळ स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम लावला. काय करावं या विचारात जे आज अडकलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कुणाला नुसतं खरचटलं असेल तरी ही तुलना बाजूला ठेवा. जखमीला उपचार मिळवून देणं आणि जास्तीत जास्त 24 तासांत पोलिसांना कळवणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार चालकाची जबाबदारी आहे. तिथे मिटवामिटवीचा विषयच येत नाही.

घोडबंदर रोडची गोष्ट अशी. कापूरबावडीकडून मानपाड्याकडे जाताना मेट्रोच्या कामासाठी पत्रे लावून रस्ता चिंचोळा केला होता. डावीकडून एक गाडी घुसली आणि माझा पुढचा मडगार्ड घासत, आरसा तोडत पुढे गेली. गाडी थांबवली खरी, पण त्याने काच उघडली ती चार बोटं. आरसी नाही, लायसन्स नाही, नावही सांगेना. "भाऊ, जाऊ द्या ना, एवढ्याशा ओरखड्याचं काय घेऊन बसलात?" पंचवीस मिनिटं हुज्जत झाली. शेवटी त्याने मोबाइल नंबर दिला, 2,000 रुपये तिथेच पाठवले आणि म्हणाला, "गॅरेजचं एस्टिमेट टाका, बाकीचे उद्या देतो." मी मिस्ड कॉल देऊन नंबर तपासून घेतला आणि काम झालं असं समजून निघालो.

एस्टिमेट 9,500 रुपयांचं निघालं. ते पाठवलं. मग "उद्या". मग "पगार झाला की". मग "गावी आलोय, नेटवर्क नाही". मी रोज सकाळी चहाबरोबर त्याला मेसेज टाकायचो आणि दोन निळ्या टिक पाहायचो. रात्री जेवताना फोन ताटाशेजारी असायचा, तो वाजला की हात तिकडे जायचा. बायकोने एकदा फोन उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला, तेव्हा मला कळलं की घरात बाकी कशावर बोलणंच होत नाहीये. एकोणिसाव्या दिवशी टिक एकच राहिली. त्याने मला ब्लॉक केलं होतं.

मग विमा कंपनीला फोन केला. इतके दिवस का थांबलात, हा पहिला प्रश्न. पॉलिसीच्या अटींत अपघाताची सूचना ताबडतोब द्यायची असते, आणि आरशाशिवाय गाडी चालवता येत नाही म्हणून आरसा मी आधीच बसवून घेतला होता. विमा कंपनीच्या सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या माणसाला, ते दुरुस्तीआधी बघायचं असतं. वर त्याच नुकसानीपोटी 2,000 रुपये मी घेऊन बसलो होतो. शेवटी क्लेमचा नाद सोडला आणि 7,500 रुपये खिशातून भरले.

पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं की त्या एकोणीस दिवसांत सगळं त्याच्या मर्जीवर चाललं होतं. जो माणूस रस्त्यात काच खाली करायला तयार नव्हता, तो घरी गेल्यावर पैसे पाठवेल असं मी धरून चाललो, आणि त्याच्या "उद्या"वर थांबल्यामुळे दुसरा रस्ताही हातचा गेला. पुढच्या वेळचा निर्णय माझ्यापुरता तिथेच झाला.

दुसरी वेळ ठाणे-बेलापूर रोडवरच्या महापेची. पावसाळ्यातली संध्याकाळ, सिग्नलला उभा असताना मागून धडक बसली. बंपर फुटला, उजवा टेललॅम्प गेला. हा चालकही बाहेर येईना. "तुम्हीच एकदम ब्रेक मारला" एवढंच आतून ओरडत राहिला. या वेळी मी वाद घातला नाही. दोन्ही गाड्या जागेवर असतानाच सिग्नल आणि रस्ता दिसेल असा लांबून फोटो, मग दोन्ही नंबर प्लेट एकत्र येतील असा, मग बंपरचे जवळून दोन. त्याच्या प्लेटवर चिखल होता, म्हणून फ्लॅश लावून पुन्हा काढला आणि आकडे नीट वाचता येतात ना हे मोठं करून पाहिलं. गाडीभोवती एक फेरी मारत व्हिडिओ घेतला, पार्किंग लाइट लावून गाडी कडेला घेतली. सात-आठ मिनिटांत सगळं झालं. मी निघालो तेव्हा तो गाडीत बसूनच फोनवर कुणाला तरी बोलावत होता.

त्याच रात्री ॲपवरून क्लेमची सूचना दिली, दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सर्व्हेअर येऊन गेला. बिल 14,600 झालं. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, असल्यामुळे मला 1,000 रुपयेच भरावे लागले. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला ही सक्तीची कपात असते, त्यावरच्या गाडीला 2,000. झिरो डेप नसेल तर हिशोब बदलतो, कारण प्लास्टिक आणि रबरी भागांवर 50 टक्के घसारा कापतात आणि बंपर म्हणजे प्लास्टिकच. गाडी सहा दिवस गॅरेजला होती. तेवढे दिवस ठाण्याहून घणसोलीपर्यंत लोकल आणि पुढे रिक्षा केली. त्रास झालाच, पण त्या माणसाला एकही फोन करावा लागला नाही. त्याचं नावही मला आजपर्यंत माहीत नाही.

अर्थात क्लेम फुकट पडत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न लावल्याबद्दल हप्त्यात मिणारी सूट, जातो, आणि त्याचा हिशोब लोक एकाच वर्षाचा करतात. बोनसच्या पायऱ्या 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के. मी 35 वर होतो, पुढच्या नूतनीकरणाला 45 मिळाले असते, ते शून्यावर आले आणि पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून चढायच्या. स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता बोनसआधी 8,000 धरला, तर पहिल्या वर्षी 3,600 जास्त जातात, मग 2,400, 2,000, 1,200 आणि 400. पाच वर्षांत मिळून 9,600. गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा हप्ताही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी जाईल. तरी 13,600 वाचवायला साधारण 9,000 घालवले असं म्हणता येईल. म्हणजे फायदा आहे, पण फार मोठा नाही. बिल पाच-सहा हजारांचं असतं तर मी क्लेम लावला नसता, आणि त्या चालकाच्या मागेही लागलो नसतो. स्वतः दुरुस्त करून विषय संपवला असता. बोनस टिकवणारं ॲड-ऑन असेल, तर मात्र हे सगळं गणित क्लेमच्या बाजूने झुकतं.

पोलिसांचं काय, असं बरेच जण विचारतात. समोरचा दमदाटी करत असेल, तुमची किल्ली काढून घेत असेल किंवा दारू प्यायलेला वाटत असेल, तर 112 लावा, दुसरा विचार करू नका. चौकीवर जाताना जागा नीट सांगा, कारण ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत. विटाव्याला धडक झाली तर ठाणे, थोडं पुढे दिघ्याला झाली तर नवी मुंबई.

तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारी, असेल, तर स्वतःच्या पॉलिसीतून काहीच मिळत नाही. तेव्हा पोलिसांत नोंद करून समोरच्याच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाण्याचा मार्ग उरतो. मी तो वापरलेला नाही, आणि एका बंपरसाठी तारखांना जावं असं मला वाटत नाही. मोठं नुकसान असेल तर गोष्ट वेगळी.

त्याने कागद दाखवले नाहीत म्हणून घाबरून जाऊ नका. नंबर प्लेट वाचता आली की सरकारच्या एमपरिवहन ॲपवर त्या गाडीचा विमा चालू आहे की नाही हे कळतं. तिथे मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं. पण भरपाईचा दावा करायचा असेल, तर मोटार वाहन कायद्याच्याच कलम 160 नुसार आरटीओ किंवा पोलीस ठाण्याकडून फी भरून मालकाचं नाव-पत्ता मागता येतो. रस्त्यात हात जोडून जे मिळत नाही, ते एका नीट काढलेल्या फोटोवरून मिळू शकतं. आणि स्वतःच्या क्लेमला तर तेही लागत नाही. माझा कल तिकडे आहे तो याचमुळे.

तरीही जागेवर मिटवायचंच असेल, कारण कधी कधी समोरचा खरंच सरळ असतो आणि बिलही छोटं असतं, तर अंदाजे रक्कम ठरवा आणि पूर्ण घ्या. थोडे आत्ता, बाकीचे नंतर, असं करू नका. एकदा पैसे घेतले की त्याच नुकसानीचा क्लेमही लावू नका. आणि त्याच्या फोनवर दिसणाऱ्या हिरव्या टिकवर गाडी सोडू नका. आपल्या बँकेचा मेसेज येईपर्यंत, मागचे कितीही हॉर्न वाजवोत, कडेला थांबून राहा.